परत परत त्याच बांधावर : आमची वाटचाल

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारपेठेत 2008 साली फोटो स्टुडिओ सुरू केला, तेव्हा कामं ठरलेली होती. पासपोर्ट फोटो, बारसं, मुंज, लग्न, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. मी फोटो काढायचे आणि चुलतभाऊ अल्बम आणि हिशेब सांभाळायचा. लोहखनिजाच्या खाणींचा पैसा त्या वर्षांत भागात खेळत होता. ज्याच्या दारात ट्रक, त्याच्या घरचं लग्न दोन अल्बमचं.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. दिवसभर धूळ उडवत मांडवीकाठच्या धक्क्यांकडे धावणारे ट्रक एकाएकी घरोघरच्या अंगणांत येऊन थांबले. लग्नाच्या ऑर्डरी रोडावल्या. हातात वेळ होता आणि कॅमेरा होता. मी त्या उभ्या ट्रकांचे फोटो काढायला लागले. ते काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. बॉनेटवर सोलं वाळत घातलेली, हौद्यात जळाऊ लाकडं रचलेली, पावसाळ्यात टपावर चढलेला दोडक्याचा वेल. मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेले. बँकेचे हप्ते चालूच होते, त्यामुळे त्या अंगणांत बोलणं फार होत नसे. मी बसायचे, चहा घ्यायचे, आणि कुणी 'काढ' म्हटलं तरच कॅमेरा बाहेर यायचा.

त्यातले काही फोटो एका साप्ताहिकाने घेतले. मानधन थोडकं होतं, पण त्यामुळे आमच्या कामाची दिशा ठरली. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मधल्या काळात सुरू झालेलं उत्खनन मार्चमध्ये पुन्हा बंद पडलं, आणि मी त्याच अंगणांत, शक्य तिथे त्याच जागी उभी राहून पुन्हा फोटो काढले. काही ट्रक भंगारात गेले होते, एका अंगणात ट्रकच्या जागी रिक्षा होती, एका घराला कुलूप होतं. 2012 चा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय त्या कुलपाचा फोटो काही सांगत नाही. 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झालं, तेव्हाही आम्ही गेलोच. डॉक्युमेंटरी फोटोग्राफर म्हणजे घटना घडली की धावणारा माणूस, असा समज आहे. आमची कमाई, पैशाची आणि समाधानाचीही, परत परत त्याच जागी जाण्यातून झाली आहे.

हे सगळ्यात जास्त शिकवलं पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांनी. पावसाळा संपला की आगरातलं साचलेलं पाणी काढून टाकायचं, बांध दुरुस्त करायचे, चिखल तुडवून, ठोकून तळ सपाट करायचा. मग भरतीच्या वेळी शापोरा नदीचं खारं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या-अडवायच्या झडपेच्या, दारातून आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवत ऊन खाऊ द्यायचं. मीठ धरायला लागेपर्यंत कित्येक आठवडे नुसते कष्ट. पर्यटकांच्या फोटोत दिसतात त्या पांढऱ्या राशी, पण या व्यवसायाचा जीव तळ ठोकणाऱ्या त्या आठवड्यांत आहे, आणि तेव्हा तिथे कॅमेरा घेऊन फारसं कुणी येत नाही. तंत्राचं म्हणाल तर पांढऱ्या मिठावर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सगळं करडं पडतं. एक ते दीड स्टॉप (उजेडाचं माप) वाढवून घ्यावं लागतं, आणि मग उन्हातल्या माणसाचा चेहरा जपायचा की मिठाचा दाणा, हे तिथेच ठरवावं लागतं. मी चेहरा जपते.

दुसऱ्या वर्षी आम्ही पहिल्या वर्षीच्या प्रिंट घेऊन गेलो. एका वयस्क मावशींनी हात पदराला पुसले, प्रिंट उन्हात तिरकी धरली आणि स्वतःचा चेहरा सोडून मागचा बांधच बघत राहिल्या. "ही मानस आता बुजली ना गो. ह्या बाजूचं आगर कोण करत नाही. पोरगा हॉटेलात लागला." मग शेजारच्या दोघीतिघी आल्या आणि कुठला वाफा कुणाचा, कुठे बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, अवेळी पावसाने कुठल्या वर्षी मीठ विरघळून गेलं, असं सगळं निघत गेलं. भाऊ वहीत लिहून घेत होता. आमच्या संग्रहातल्या चांगल्या कॅप्शन अशाच आल्या आहेत. म्हणून आता आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये एक ओळ असते: गावातल्या लोकांना द्यायच्या प्रिंटचा खर्च. काही क्लायंट ती कापायला सांगतात. आम्ही बाकीचं कमी करतो, ती ओळ ठेवतो.

पोट कसं चालतं हे नवीन मुलं हमखास विचारतात, तेव्हा सरळ सांगते. लग्नं आम्ही सोडलेली नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर जो हंगाम सुरू होतो, त्या पैशावर पुढचे कित्येक महिने निघतात. त्याखेरीज सामाजिक संस्थांची कामं, जुन्या घरांची नोंद ठेवणारे वास्तुविशारद, संशोधक, क्वचित मासिकं. संस्थांकडून पैसे उशिरा येतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केल्यापासून बिलावर स्पष्ट लिहितो, की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात आणि लेखी करार नसेल तर 15. भांडायची वेळ क्वचितच येते, पण तो आकडा कागदावर असला की लेखा विभागातला माणूस फाइल वर काढतो.

हक्कांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडचे कितीतरी चांगले फोटोग्राफर इथेच नुकसान सोसतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक फोटोग्राफर असतो. पण पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर मालकी काम देणाऱ्याची होते. म्हणजे गप्प राहिलात की फोटो गेला. म्हणून काम सुरू होण्याआधी एक पानी करार होतो: मालकी आमची, वापर कशासाठी, किती वर्षं, कुठे. हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत, हेही लक्षात ठेवावं. एका हॉटेल कंपनीने आमच्याकडे धालो, म्हणजे बायकांचा पारंपरिक नाच-गाण्यांचा खेळ, खेळणाऱ्या बायकांचे फोटो 'सर्व हक्कांसह, कायमचे' मागितले होते. रक्कम मोठी होती. मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या जागी, रात्री जमून पौषात धालो खेळणाऱ्या त्या बायकांनी आम्हाला घरचं समजून आत घेतलं होतं, त्यांचे चेहरे स्वागतकक्षाच्या भिंतीवर कायमचे लावायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? नाही म्हणून कळवलं.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेतही हेच. व्रत करून, पाण्याकाठी राहून, सोवळं पाळून धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, येतात. हातात वेतकाठी, गळ्यात मोगरा, आणि पहाटेच्या सुमाराला होमकुंडातून जातात. आगीचा उजेड आणि काळोख यांत कॅमेऱ्याची कसोटी लागते हे खरं, पण त्याआधी देवस्थानच्या लोकांना आणि धोंडांना विचारून कुठे उभं राहायचं ते ठरवणं महत्त्वाचं. कुणाच्याही वाटेत येऊन काढलेला फोटो मला नको. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला मी पहिल्या जत्रेत कॅमेरा पिशवीतच ठेवायला लावला. तिने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी तिने काढलेला, स्नान करून ओल्या वस्त्रांत मोगऱ्याची माळ सारखी करणाऱ्या म्हाताऱ्या धोंडाचा फोटो आमच्या संग्रहातल्या उत्तम फोटोंपैकी आहे.

गोव्याचा पाऊस हा या धंद्याचा मोठा शत्रू. लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि ती एकदा काचेवर बसली की दुरुस्तीनंतरही पूर्वीची स्वच्छता येत नाही. सगळी उपकरणं ड्राय कॅबिनेटमध्ये चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेत राहतात. मिठागरातून किंवा किनाऱ्यावरून आलं की आधी ओलसर कापडाने बॉडी पुसायची, मग स्वतः पाणी प्यायचं. डिचोलीच्या बाजारात नदीचं पाणी शिरण्याची भीती असतेच, म्हणून रॉ फाइलच्या (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलच्या) दोन प्रती इथे माळ्यावर आणि तिसरी फोंड्याला बहिणीच्या घरी. जून ते ऑगस्ट आम्ही बाहेर कमी जातो आणि संग्रह लावतो: गाव, वर्ष, प्रसंग, माणसांची नावं, आणि कुणी काय सांगितलं ते. हे काम दिसत नाही, त्याचे पैसे कुणी देत नाही, आणि तेच आमची खरी इस्टेट आहे. एखादा संशोधक जुवारी-मांडवीकाठच्या खाजन बांधांविषयी, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवून धरणाऱ्या शेतजमिनींच्या बांधांविषयी, विचारत येतो, तेव्हा पंधरा मिनिटांत आम्ही त्याच्यासमोर वेगवेगळ्या वर्षांचा एकच बांध ठेवू शकतो.

ड्रोनची मागणी हल्ली प्रत्येक जण करतो. एका बाजूला दाबोळीला नौदलाचा तळ, दुसरीकडे 2023 पासून मोपाचा विमानतळ, त्यामुळे कुठे उडवता येईल हे आधी नकाशावर पाहावं लागतं आणि परवानगीविना आम्ही उडवत नाही. तसंही बांधावरून दिसतं ते वरून दिसत नाही.

या वर्षापासून एक नवीन काम हाती घेतलं आहे. डिचोली, सत्तरी आणि पेडणे भागातल्या घरांत मुक्तीच्या आधीचे, म्हणजे 1961 पूर्वीचे फोटो ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, कॅलेंडरच्या गुंडाळीत पडून आहेत. पिवळे पडलेले, कोपरे वाळवीने खाल्लेले. ते आम्ही विनामूल्य स्कॅन करतो. शुक्रवारी दुपारी तीन ते सहा कार्यालय यासाठी खुलं असतं. फोटो तुमच्यासमोर स्कॅन होतो, मूळ प्रत लगेच परत मिळते, आणि एक नवी प्रिंट सोबत. फोटोतली माणसं ओळखणारं घरातलं कुणी वडीलधारं असेल तर त्यांना जरूर घेऊन या. गाडीची सोय नसेल तर कळवा, आम्ही घरी येऊ.