चढताना नाही, उतरताना

सोमवार, रात्री

तर आज एकदाची जिमला गेले. तीन महिन्यांची फी भरून बारा दिवस झाले होते, रोज काहीतरी निघायचं, कधी पाहुणे कधी लेकाची परीक्षा कधी नुसताच कंटाळा. पण गेल्या महिन्यातल्या रिपोर्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ आलं आणि डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटिस म्हणणार नाही मी पण उंबऱ्यावर उभ्या आहात. ६.५ ला आत. बाबांना शुगर, आत्याला शुगर, त्यामुळे मला तो उंबरा चांगलाच दिसला.

ट्रेनर म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, मला मॅम मॅम करत होता. ट्रेडमिल दहा मिनिटं, मग स्क्वॉट्स, मग ती पायाने ढकलायची लेग प्रेस, मग तीन-तीन किलोचे डंबेल्स, मग गुडघे टेकवून पुशअप्स. बाजूला माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, केस पूर्ण पांढरे झालेल्या एक बाई बारबेल खांद्यावर घेऊन शांतपणे उठबस करत होत्या, आणि त्यांच्याकडे बघून माझ्यात काय संचारलं माहीत नाही. मॅम अजून एक सेट? हो. अजून एक? हो. चार सेट पंधरा-पंधराचे, म्हणजे साठ बैठका झाल्या आणि शेवटची बैठक मी लग्नाआधी कधीतरी मारली असेल!

घरी आले तर एकदम फ्रेश. माळ्यावरचे डबेसुद्धा पुसून काढले. उगाच घाबरत होते एवढे दिवस.

मंगळवार

थोडं आखडल्यासारखं वाटतंय बस. ट्रेनमध्ये ग्रुपला सांगितलं, काही नाही गं, एवढं काही होत नाही. (हे वाक्य इथे लिहून ठेवते, माझं मलाच वाचायला.)

बुधवार

आई गं.

सकाळी उठले म्हणजे उठले नाही, कुशीवर वळून कोपराने स्वतःला ढकलत पलंगाच्या कडेला आणलं. कमोडवर बसताना शेवटचा वीतभर मांड्यांनी साफ नकार दिला, म्हणून डोळे मिटून अंग सोडून दिलं सरळ. केस बांधायला हात मागे नेले तर ते कानापर्यंत जाऊन थांबले. शेवटी टेबलावर दोन्ही कोपरं टेकवली, डोकं खाली घातलं आणि हातांकडे केस नेले, केसांकडे हात नाही. लेक दारात उभा राहून बघत होता, म्हणाला व्हिडिओ काढू का.

पण खरी मजा डोंबिवली स्टेशनच्या ब्रिजवर. जिना चढले नीट, म्हणजे हळू पण चढले. म्हटलं चला, वाटलं तेवढं वाईट नाही. आणि प्लॅटफॉर्मकडे उतरायला पहिला पाय खाली टाकला तर गुडघा सरळ निसटला, रेलिंग हातात आलं म्हणून वाचले. मग एक एक पायरी, आडवी उभी राहून, खेकड्यासारखी. सकाळची गर्दी मागे तुंबलेली, एक जण म्हणाला ओ मॅडम काय झालं, दुसरा म्हणाला लागलंय त्यांना जाऊ द्या, आणि मला सांगताही येईना की लागलंबिगलं काही नाही हो, मी पैसे भरून केलंय हे. गाडी गेली. पुढची पकडली, तर आत उभं राहून वरचं हँडल धरता येईना, दाराजवळच्या खांबाला बिलगून ठाण्यापर्यंत गेले, तिथे एकीने तिघींच्या बाकावर सरकून चौथी सीट दिली. सीट मिळाल्याचा आनंद बसेपर्यंतच टिकला.

चढताना नाही आणि उतरताना का, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून बसल्या बसल्या वाचत गेले. आपण चढतो तेव्हा मांडीचा स्नायू आखडून आपल्याला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो, नाहीतर आपण धपकन खाली जाऊ. आणि हे लांब होता होता वजन पेलणं जे आहे त्यातच स्नायूच्या आतल्या बारीक धाग्यांना इजा होते, म्हणजे स्क्वॉटमध्ये वर येताना नाही तर खाली जाताना माझं खरं काम झालेलं होतं, जे मला सोपं वाटत होतं ते! मग शरीर तिथे दुरुस्ती काढतं, थोडी सूज येते, आणि हे सगळं व्हायला वेळ लागतो म्हणून दुखणं त्याच दिवशी येत नाही, १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस. इंग्रजीत याला डॉम्स म्हणतात. १९०२ मध्ये थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन माणसाने बोटांच्या व्यायामावर प्रयोग करून लिहून ठेवलंय की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आत काहीतरी फाटल्यामुळे असणार.

आणि आमचा ट्रेनर फोनवर म्हणतो, मॅम ते लॅक्टिक अ‍ॅसिड आहे, निघून जाईल. अरे बाबा, ते तर व्यायाम थांबवल्यावर तासा-दोन तासात निघून जातं. सोमवारचं अ‍ॅसिड बुधवारी ब्रिजवर कसं येईल माझ्याबरोबर? पण बोलले नाही काही. मुलगा चांगला आहे, फक्त पहिल्या दिवशी मला थांबवायला हवं होतं त्याने. आणि मी नको म्हणायला हवं होतं, ते जास्त खरं.

गुरुवार

दुखणं तसंच, पण आज त्याहून वाईट म्हणजे थकवा. दुखतं ते कुठे दुखतं हे बोट ठेवून दाखवता येतं, थकवा सांगता येत नाही. दुपारी ऑफिसात एका व्हाउचरकडे बघत बसले होते, किती वेळ ते मला माहीत नाही. घरी आल्यावर लेक पाण्याची बाटली भरली का विचारायला आला तर त्याच्यावर ओरडले. पोळ्या लाटताना दंड असे भरून आले की चार लाटून थांबले आणि भात टाकला. नवरा म्हणाला नको झेपत तर सोड ना, फी जाऊ दे. तो चांगल्या मनानेच म्हणाला पण मला रडू आलं. फीचं काय घेऊन बसलाय, बेचाळिसाव्या वर्षी चार पायऱ्या उतरता येत नाहीत याचं रडू होतं ते.

घरात तर उपायांचा पाऊस. सासूबाईंनी महानारायण तेल काढलं, हळदीचं दूध दिलं. शेजारच्या काकू, गरम पाण्यात जाडं मीठ. लेकाचं म्हणणं बर्फाच्या पाण्यात बस, क्रिकेटर बसतात. माझा अनुभव लिहायचा तर तेलाने आणि गरम पाण्याने तासभर बरं वाटतं, नंतर जैसे थे. पण सासूबाई पाय चोळत होत्या तो तासभर फार छान गेला, असं आम्ही दोघी कधी बसत नाही. ओढून ताणून स्ट्रेचिंग केलं त्याने काहीच फरक पडला नाही, आणि त्यावर झालेले अभ्यासही तेच सांगतात म्हणे. पेनकिलर घेतली नाही.

ट्रेनच्या ग्रुपमधली एक जण नर्स आहे, तिने मात्र कामाचं सांगितलं. दुखू दे, दुखणारच, पण लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी किंवा कोकसारखी गडद व्हायला लागली, किंवा हात-पाय सुजून वाकेनासा झाला, तर जिमवाल्याला विचारत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ. स्नायू फारच तुटले तर त्यातलं प्रोटीन रक्तात उतरतं आणि किडनीवर येतं. पहिल्याच दिवशी अति केलं की हे होऊ शकतं बरं का, असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी संडासात जाऊन दोनदा तपासलं. नॉर्मल.

रात्री कोल्हापूरला काकांना फोन लावला. काका तरुणपणी तालमीत जायचे, आता ऐंशीला टेकलेत. माझी कहाणी ऐकून एवढे हसले की काकूने फोन काढून घेतला. मग म्हणाले, "आगं पोरी, पहिल्या दिवशी साठ बैठका? आमचा वस्ताद नव्या पोराला वीसच्या वर मारू द्यायचा न्हाई. जोर वाढवायचे ते चार-पाच करत, महिनाभर. आन् दुखतंय म्हणून झोपून ऱ्हायलीस तर लाकूड होशील. उद्या परत जा, पण निम्मंच कर. माती नुसती उकरलीस तरी चालंल."

आमच्याकडे कुठली माती. पण आखाड्यातल्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालतात ते लहानपणी पाहिलंय मी, त्या मातीचा वास फोनवर आल्यासारखा झाला.

शनिवार

गेले. ट्रेनरला आधीच सांगितलं की आज मी सांगेन तेवढंच. सायकल पंधरा मिनिटं हलकी, आठ-आठचे दोन सेट स्क्वॉट, तेही खुर्चीएवढेच खाली. पहिली पाच मिनिटं वाटलं मांड्या फाटणार, आणि मग गंमत म्हणजे दुखणं उतरत गेलं, अंग गरम झाल्यावर निम्मं झालं. घरी येऊन परत आलं, पण बुधवारसारखं नाही. सगळ्या उपायांत हाच एक लागू पडला, थोडं हलणं. स्टेशनला रिक्षाने न जाता चालत जाणंसुद्धा.

पुढचा मंगळवार

थकव्याचं उत्तर मात्र मांडीत नव्हतं, ताटात आणि गादीत होतं. मी काय करत होते बघा, रात्री बाराला झोपायचं, पाचला उठून डबे करायचे आणि सहाला रिकाम्या पोटी जिम. काल शेवटच्या सेटला डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनीच मला बाकावर बसवलं आणि पर्समधून खजूर काढून दिला. म्हणाल्या काहीतरी खाऊन यायचं गं. आता जायच्या अर्धा तास आधी एक केळं.

आणि प्रोटीनचा हिशोब केला, अकाउंट्सची सवय. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम रोज लागतं, माझं वजन ६८, म्हणजे छप्पन ग्रॅम. आणि मी खाते काय, चहा-बिस्किट, डब्यात पोळी-भाजी, रात्री वरण-भात, त्यातलं वरण लेकाने घेऊन उरेल तेवढं. चाळीसही होत नसेल. ट्रेनर पावडरचा डबा विकायला बघतोय, पण सध्या दोन उकडलेली अंडी म्हणजे बारा ग्रॅम, मूठभर शेंगदाणे म्हणजे सातेक, आणि वरण आधी माझ्या वाटीत. लेक म्हणाला हा अन्याय आहे.

झोपेचं अवघड आहे. साडेदहाला झोपायचं तर भांडी कोण घासणार यावर घरात एक छोटी बैठक झाली, त्याचे मिनिट्स इथे लिहीत नाही. नवरा घासतोय. कढई तेलकट राहते.

आणि आठवड्याचे सहा दिवस नाही, तीनच. सोमवार, बुधवार, शनिवार.

तिसरा आठवडा, बुधवार

सोमवारी पुन्हा चार सेट झाले, या वेळी बारा-बाराचे, आणि आज तिसरा दिवस असून नुसतं भरल्यासारखं आहे, दुखणं नाही. याचंही कारण आहे म्हणे, एकदा असा मार खाल्ला की स्नायू त्याच मारासाठी पुढचे काही आठवडे तयार राहतो. पण फक्त त्याच मारासाठी. व्यायाम बदलला की नवीन दुकान नवीन उधारी.

हे मला आज कळायचं कारण म्हणजे ट्रेनरने येत्या शनिवारी लंजेस लावलेत. पुढे पाय टाकून गुडघा वाकवत खाली जायचं, सगळा ब्रेकच ब्रेक. आणि सोमवारी सासूबाईंच्या मंडळाचं हळदीकुंकू आहे आमच्याकडे, सतरंजीवर. शनिवारनंतर सोमवार म्हणजे बरोब्बर कळसाचा दिवस, हिशोब केला मी.

सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवलंय, माझ्यासाठी एक खुर्ची ठेवा. त्या म्हणाल्या, मला खुर्ची लागत नाही आणि तुला लागणार?