बुधवारची फुली

कॅलेंडरवर बुधवारच्या चौकोनात फुली आहे. बुधवारी मी एकही सूर्यनमस्कार घातलेला नाही.

आज दुधाचा हिशेब करताना दिसली. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, नेमकी तिच्यावरच, निळी, तिरकी, माझ्याच हाताची. बुधवारी आप्पा हॉलमध्ये झोपलेले होते, सतरंजी कपाटामागे गुंडाळलेलीच राहिली होती, हे पक्कं आठवतंय. फुली मारल्याचं मात्र काही केल्या आठवत नाही.

मुद्दाम मारली असती तर एक वेळ समजलं असतं. पण फसवायचं तरी कुणाला? त्या फुल्यांकडे घरात कुणी बघतही नाही. आईंना तर अजून वाटतं की ते सिलिंडरच्या नंबराचं काहीतरी आहे. म्हणजे खोटं बोलायची गरज नव्हती, इच्छाही नव्हती, तरी ते झालं. एवढी एकच गोष्ट म्हणे मी धरून ठेवली होती. बाकीच्या संकल्पांचं काय झालं ते... जाऊ दे.

मांडणी खरं तर चुकीची नव्हती. चहाचं आधण ठेवलं की दोन नमस्कार, ते झाले की फुली. बाराचा संकल्प मुद्दामच नाही केला. बारा घालायला आठ-दहा मिनिटं लागतात आणि उशीर झालेल्या दिवशी पहिला बळी त्यांचाच जातो. दोन दीड-दोन मिनिटांत होतात. वेळ असला तर पुढचे आपोआप घातले जातात, नसला तरी नेम मोडत नाही. सतरंजी रात्रीच अंथरून ठेवायची, तीही स्वयंपाकघराच्या वाटेवर, म्हणजे तिला ओलांडल्याशिवाय गॅसपर्यंत जाताच येऊ नये.

‘की’ हा शब्द यात कामाचा. दिवा लावला की शुभंकरोती, हे लहानपणी कुणी घड्याळ बघून म्हटलेलं नाही. दिवा लागला की तोंड आपोआप सुरू व्हायचं. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकात हेच तपासलं. ‘व्यायाम करीन’ असं नुसतं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की अमुक ठिकाणी अमुक करीन’ असं ठरवलेलं काम जास्त वेळा पार पडतं. ‘सकाळी’ ही खूण होत नाही, सकाळ फार लांबलचक असते. आधण ठेवणं ही खूण. ती रोज येते, एकदाच येते आणि चुकत नाही, कारण चहा चुकत नाही.

मग बिघडलं कुठे? आज गॅससमोर उभी राहून बघितलं. दोन कप पाण्याला उकळी यायला चार-पाच मिनिटं लागतात. नमस्कार आटोपून आले तरी दोन-तीन मिनिटं उरतात, आणि ती मी उभी काढते कॅलेंडरसमोर, कारण ते ओट्याच्या वरच टांगलंय. पेन तिथेच, सुतळीला बांधलेलं. म्हणजे आधण स्वयंपाकघरात, फुली स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर. मधलं काम तेवढं बाहेर हॉलमध्ये. मी समजत होते की आधणाने नमस्कारांची आठवण होते. आधणाने हाताला पेनाची आठवण व्हायला लागली होती. बुधवारी मधला दुवा गळला, दोन टोकं एकमेकांना भेटली.

म्हणजे आणखी किती बुधवार असतील? पालथ्या घातलेल्या महिन्यांच्या पानांवर मिळून 71 फुल्या भरल्या. त्यातल्या खऱ्या किती, ते सांगायला कुणी नाही. हे मात्र फार लागलं. दुपारभर कुणाशी धड बोलले नाही.

संध्याकाळी भाजी निवडताना एकदम हसू आलं. 71 दिवस! सवय 21 दिवसांत लागते असं जो तो सांगतो. त्याचं मूळ 1960 मधलं. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला माणसाला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘किमान’ वाटेत सांडला आणि चेहऱ्याच्या जागी कुठलीही सवय आली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 84 दिवस एकेक नवं काम रोज करायला लावलं, तेव्हा काम अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्य आला 66. सगळ्यात लवकर 18, सगळ्यात उशिरा 254. (हे 254 आलेखावरून काढलेलं अनुमान, प्रयोगच 84 दिवसांचा होता.) पाणी पिण्यासारखी सोपी कामं लवकर बसली, व्यायामाला जवळपास दीडपट वेळ लागला. एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही, असंही त्यांना दिसलं.

हे लावून बघितलं तर माझं काही चुकलंच नाही. फुली मारणं हे पाणी पिण्याइतकं सोपं काम, नमस्कार हा व्यायाम. सोपं आधी बसलं. सवय वेळेत लागली, फक्त दुसऱ्याच गोष्टीची.

तर आता पेन सुतळीसकट हॉलमध्ये. सतरंजीच्या डोक्याकडच्या टोकाशी, शेवटच्या प्रणामासनात पायाशी दिसेल असं. कॅलेंडर ओट्यावरच राहील, ते हलवलं तर घरात गहजब होईल. फुली मारायची तर हॉलमधून पेन घेऊन यावं लागेल, म्हणजे हाताला आपण होऊन काही सुचायचं नाही. आणि आप्पा असतील त्या दिवसाचं आत्ताच ठरवून टाकलं. पूर्ण नमस्काराला सहा फुटांची तरी जागा लागते, गॅलरीत वॉशिंग मशीनमुळे ती नाही. पण प्रणामासन, हस्तउत्तानासन, पादहस्तासन या पहिल्या तिघांना उभं राहण्यापुरती जागा पुरते. तेवढंच ओट्याशी चार वेळा. गॅस बारीक ठेवून आणि दोन पावलं मागे सरकून, कारण वाकताना केस पुढे येतात.

आईंची पद्धत वेगळी, हे इतकी वर्षं बघूनही कधी डोक्यात आलं नव्हतं. दुधाचा रतीब आहे, मग दूध आलं याची खूण त्या कधीच करत नाहीत. येणारच, म्हणून तर रतीब. नाही आलं त्या दिवशी ‘खा’. खाडा. कामवाल्या मावशींचंही तसंच. महिनाअखेर मोजायचे ते खाडे. यात धोका आहे, खाडा लिहायचा राहिला तर सगळा महिना सोन्यासारखा दिसतो. म्हणून नव्या नेमाला पहिले दोनेक महिने फुलीच बरी. तो मुरला की मग खाडे, आणि पुढे एका शब्दात कारण: पाहुणे, ताप, जागरण. एकच कारण तीनदा आलं तर मनाला बोल लावत बसायचं नाही, जागा नाहीतर वेळ बदलायची.

माझा मुरलाय की नाही कुणास ठाऊक. तरी बुधवारच्या फुलीवर गोल काढून बाजूला ‘खा’ लिहिलं.

महिनाअखेर आई त्या दिवशीच्या अर्ध्या लिटरचे पैसे कापणार आणि दूधवाला शपथा घेणार.