खरेदीसाठी मोकळा वेळ

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसऱ्या ओळीत हमखास लिहिलेलं असतं: ‘दुपारी खरेदीसाठी मोकळा वेळ’. या ओळीवरून आमच्या घरात दोन तट पडतात. एक वारसावाल्यांचा. ही मंडळी देवळाच्या खांबावरची नक्षी डोळे बारीक करून बघतात, माहितीफलक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात आणि बाजारात शिरल्यावर दहा मिनिटांत त्यांचे पाय दुखू लागतात. दुसरा तट पिशवीवाल्यांचा. मी पिशवीवाली. नवरा वारसावाला, आणि वारसावाल्यांना स्वतःबद्दल वाटतो तेवढाच आदर त्यालाही स्वतःबद्दल वाटतो. दक्षिण कोरियातल्या बुसानला गेलो तेव्हा मात्र माझी बाजू एकाएकी भक्कम झाली. या शहराचा अलीकडचा इतिहास बघायचा तर बाजारातच जावं लागतं. तिथे तो भाव विचारता विचारता कळतो.

झालं असं की जून १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटलं आणि दोन-अडीच महिन्यांत उत्तरेच्या फौजांनी जवळजवळ सगळा देश घेतला. उरला तो आग्नेयेचा कोपरा, त्यात हे बंदर. सरकार इथे आलं. युद्धाच्या बहुतेक काळात बुसान हीच तात्पुरती राजधानी होती. सरकारच्या मागोमाग निर्वासितांचे लोंढे आले. हातात बोचकं, गावात ओळखीचं कुणी नाही. अशा माणसाने करायचं काय? रस्त्याच्या कडेला फडकं पसरायचं आणि जे असेल ते विकायला बसायचं.

त्या फडक्यांचा झालेला बाजार म्हणजे गुकजे मार्केट. सुरुवात थोडी आधीची. १९४५ मध्ये जपानी राजवट संपली, जपानी लोक सामान टाकून निघून गेले, जपानमधले कोरियन परत आले आणि त्या सगळ्या सामानाची इथल्या मोकळ्या मैदानात विक्री सुरू झाली. युद्धात त्यात अमेरिकन लष्कराच्या मालाची भर पडली. डबाबंद मांस, कॉफी, कपडे. थोडं सरळ मार्गाने आलेलं, बरंचसं छावणीच्या मागच्या दाराने. शेजारच्या बुप्योंग बाजाराची तर या डब्यांवरूनच ओळख झाली. आज डबे नाहीत, पण गल्ल्यांची शिस्त आहे. एका गल्लीत चष्मे, दुसरीत दिवे, तिसरीत गाद्या आणि पांघरुणं, पुढे भांडी. मी भांड्यांच्या गल्लीत रमले. झाकणाची स्टीलची भातवाटी, लांब दांड्याचा चमचा, चपट्या स्टीलच्या काड्या. कोरियन माणूस भात चमच्याने खातो, हे बघून फार बरं वाटलं. शेवटी एक जाडजूड पांघरूणही पटलं. दुकानदारीणबाईंना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. मध्ये कॅल्क्युलेटर. त्या आकडा टाकायच्या, मी पुसून दुसरा टाकायची. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी मुकाट पैसे काढले. पिशवी हातात देताना त्यांनी वर मोज्यांचा एक जोड टाकला. भावात सूट नाही, वर मात्र काहीतरी. हे गणित मला ओळखीचं वाटलं.

बाजाराला लागून असलेल्या चौकात होत्तोकच्या गाड्या लागतात. पिठाचा गोळा तव्यावरच्या भरपूर तुपकट मार्गारीनमध्ये दाबून तळतात, खरपूस झाला की कात्रीने त्याचं पोट फाडतात आणि त्यात सूर्यफूल, भोपळा अशा बियांचा साखरेतला मसाला चमच्याने कोंबतात. कागदी कपात उभा करून देतात. पहिला घास भाजतो, दुसऱ्या घासाला पाक कोपरापर्यंत येतो. शाकाहारी माणसाने बुसानमध्ये पोटाची चिंता वाटली तर या चौकाच्या जवळपास राहावं.

आणि मग बोसू-दोंग. युद्धाच्या दिवसांत उत्तरेकडून आलेल्या एका जोडप्याने इथे गल्लीच्या तोंडाशी फळी टाकून अमेरिकन छावणीतून येणारी जुनी मासिकं विकायला सुरुवात केली. निर्वासित शाळा-कॉलेजं आसपासच भरत होती, पुस्तकं सगळ्यांनाच हवी होती, पैसे कुणाकडेच नव्हते. म्हणून जुन्या पुस्तकांची आख्खी गल्ली उभी राहिली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं इतकी अरुंद, दोन्ही बाजूंना छातीएवढे गठ्ठे. बाजारात दहा मिनिटांत पाय दुखणारा आमचा वारसावाला इथे असा काही अडकला की मीच घड्याळ बघायला लागले. बाहेर आला तेव्हा काखेत एक जाडजूड कोरियन ग्रंथ होता. एक अक्षर वाचता येत नाही, पण बांधणी फार सुरेख आहे म्हणाला. मी काही बोलले नाही. अशा वेळी बोलायचं नसतं.

जागालची हा मासळीबाजार. मुंबई आणि बुसान १९७७ पासून भगिनी शहरं आहेत. हा करार कुठल्या दालनात झाला कोण जाणे, पण तो इथल्या बायका आणि भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणी यांच्यात व्हायला हवा होता. तोच आवाज, तोच हिशेब, गिऱ्हाइकाला वर-खाली न्याहाळणारी तीच नजर. लुगड्याच्या जागी फक्त रबरी एप्रन, गमबूट आणि गुलाबी हातमोजे. युद्धात कर्ते पुरुष गेले किंवा हरवले, तेव्हा यातल्या कितीतरी जणींच्या आया-सासवांनी या किनाऱ्यावर टोपली मांडली आणि घरं चालवली. माझ्यासमोरची मावशी सापासारख्या एका लांबट माशाचं डोकं खिळ्यात अडकवून एका ओढीत त्याची कातडी सोलत होती. कातडी निघाली तरी मासा वळवळतच होता. बाजूच्या टबात नारिंगी, काटेरी गाठींचे गोळे पाणी पीत पडलेले. तो प्राणी आहे हे मला नंतर कळलं. खालच्या मजल्यावर जिवंत मासा निवडायचा, तोलून पैसे द्यायचे आणि वर जाऊन बसायचं. वर बसण्याचे, चटणीचे आणि पानांचे वेगळे पैसे. मासा कापून येतो कच्चाच. मग उरलेलं डोकं आणि काटे घालून लालभडक तिखट रस्सा येतो. कच्च्याला मी मान दिला, रश्श्याला जीव दिला.

वारसावाल्यांचीही सोय आहे, नाही असं नाही. ६७८ सालचं बोमोसा मंदिर डोंगरात आहे. समुद्राच्या कडेला खडकावर योंगगुंगसा आहे, १३७६ मध्ये स्थापन झालेलं, पुढे जपानी स्वारीत नष्ट झालेलं आणि विसाव्या शतकात पुन्हा बांधलेलं. तिथे वाहनचालकांच्या सुरक्षेसाठी उभारलेला पगोडा आहे, पायथ्याला टायरसकट. मला तो मुख्य मंदिरापेक्षा जास्त आवडला. गामचोनच्या रंगीत घरांच्या डोंगरावर फोटो काढायला रांग लागते, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

आमि-दोंगबद्दल लिहायला हवं. या टेकडीवर जपानी लोकांचं स्मशान होतं. निर्वासितांना दुसरी जागाच मिळेना, तेव्हा त्यांनी थडग्यांवरच घरं बांधली आणि थडग्यांचे दगड पायात, पायऱ्यांत, भिंतीत घातले. ते अजून तिथेच आहेत. एका घराबाहेर गॅसचा सिलिंडर ज्या दगडावर ठेवला होता, त्याच्या कडेला कोरलेली अक्षरं स्पष्ट दिसत होती. वर दोरीवर धुणं वाळत होतं. नवऱ्याने कॅमेरा काढला आणि परत खिशात ठेवला. याच शहरात संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी आहे, १९५१ ची, सुमारे २,३०० सैनिकांची. हिरवळ, गुलाब, एका रेषेत पाट्या. आपली ६० वी पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स नोव्हेंबर १९५० मध्ये याच बंदरात उतरली होती, जखमींवर उपचार करायला.

नव्या बुसानमध्ये शिनसेगे नावाचं अवाढव्य दुकान आहे. २००९ मध्ये उघडलं तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं डिपार्टमेंट स्टोअर म्हणून गिनेस बुकात गेलं. आत गरम पाण्याचं स्नानगृहसुद्धा आहे. मी काहीही घेतलं नाही. कॅल्क्युलेटर पुढे करून वाद घालायला तिथे कुणीच नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी किमहेला गेलो. विमानतळाला याच गावाचं नाव आहे. इथे राणी हो ह्वांग-ओकची समाधी आहे. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ ग्रंथातली कथा अशी, की इ.स. ४८ मध्ये आयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या समुद्रमार्गे आली आणि इथल्या राजा सुरोशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या असं मानणारे पुष्कळ आहेत. २००१ पासून अयोध्येत तिचं स्मारकही आहे. इतिहासकारांचं मात्र यावर एकमत नाही. कथेत तिच्या सामानाची यादी आहे: रेशीम, वस्त्रं, सोनं, रत्नं, मोजता येणार नाही इतकं. शिवाय लाटांनी होडी अडवली म्हणून ती माघारी गेली, तेव्हा बापाने वर एक दगडी पगोडा चढवून दिला. समाधीजवळ एका छोट्या मंडपात तांबूस नक्षीचे ते दगड एकावर एक रचून ठेवलेले आहेत. वारसावाला फलक वाचत असताना मी सोळा वर्षांच्या त्या पोरीच्या रुखवताचं वजन काढत होते.

दुपारी विमानतळावर आमची बॅग तेवीस किलोंच्या वर गेली. भातवाट्या काढायला मी तयार नव्हते, ग्रंथ काढायला तो. शेवटी ऐन मे महिन्यात मी ते पांघरूण अंगाभोवती लपेटलं आणि घामाने निथळत रांगेत पुढे सरकले.