घरच्या घरी हॉट चॉकलेट: माझा अनुभव

हॉट चॉकलेटला दूध, साखर आणि कोको एवढंच लागतं. घोडं अडतं ते कोकोपाशी. बाजारात ड्रिंकिंग चॉकलेट म्हणून जे डबे मिळतात, त्यांची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि बहुतेक डब्यांवर पहिलं नाव साखरेचं. म्हणजे चॉकलेटच्या भावात साखर. ती तर घरात आहेच.

म्हणून नागपूरच्या इतवारी बाजारात गेले. बिनसाखरेची कोको पावडर लगेच मिळाली, घोळ झाला तो चॉकलेटच्या वडीवरून. दुकानदार म्हणाले, "ताई, डार्क कंपाउंड न्या ना, सगळे हेच नेतात." केकवर ओतायला ते चांगलंच. पण त्यात कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाची चरबी असते आणि गरम दुधात प्यायलं की टाळूला मेणचट थर बसतो. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडात गेल्या गेल्या विरघळतं. वडीच्या कागदावर 'कोको बटर' दिसेपर्यंत मी दुकानदारांना वड्या काढायला लावल्या. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता कृती. दोन मोठे कप दुधाला दोन चमचे कोको, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि ५० ग्रॅम किसलेलं डार्क चॉकलेट. मीठ गाळू नका, त्याने कडवटपणा नरम पडतो. आमच्याकडे म्हशीचं दूध येतं, म्हणून तापवून साय काढून घेते. कॉर्नफ्लॉवर घालत नाही. पातळ पिशवीच्या दुधाला हवं तर घाला.

सगळी मेख कोको कालवण्यात आहे. कोकोत स्निग्धांश असतो, त्यामुळे तो पटकन भिजत नाही. थेट दुधात टाकला की वरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात, मग कितीही ढवळा. आधी साखर आणि कोको कोरडेच एकत्र करायचे, म्हणजे साखरेचे दाणे कोकोचे कण सुटे ठेवतात. मग चमचा-चमचा गरम दूध घालत वाटीच्या कडेला चमच्याच्या पाठीने घोटायचं. आधी ते भुरभुरीत दिसतं, मग घट्ट गोळा होतो आणि आणखी एक चमचा दूध पडलं की एकदम तकतकीत, काळपट लाल लेप तयार होतो. चमचा उचलल्यावर तो रिबिनीसारखा खाली पडला की झालं. हा लेप उरलेल्या दुधात घालून मंद आचेवर दोनेक मिनिटं उकळू द्यायचा, कच्चट वास जातो. गॅस बंद करून मगच किसलेलं चॉकलेट घालायचं. उकळत्या दुधात ते तळाला लागतं.

फेसासाठी वेगळं यंत्र कशाला? ताकाची रवी आहे की. मेक्सिकोत चॉकलेट घुसळायला मोलिनियो नावाची लाकडी रवी असते आणि तीही दोन तळहातांत धरूनच फिरवतात. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग आपली रवी तिकडं गेली का त्यांची इकडं आली?" पहिला घोट घेऊन मात्र म्हणाल्या, "साखर टाकून राह्यली का मोजून राह्यली तू?" त्यांच्या कपात एक चमचा वाढवला.

नागपूरच्या थंडीला कमी लेखू नका. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री कॉफीपेक्षा मला हेच बरं वाटतं. जायफळ किसून घालते, दालचिनी मुलांना नको असते.

कोको दुधात विरघळत नाही, नुसता तरंगत राहतो. म्हणून शेवटच्या घोटाआधी कप हलवून घ्या. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत खिरीसारखं घट्ट होतं. थोडं दूध घालून मंद आचेवर तापवायचं आणि पुन्हा एकदा रवी फिरवायची.