जिन्यात सांडलेले ‘द’

स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा स्नेहसंमेलन, बक्षिसं असलं काही डोळ्यांपुढे आलंच नाही. आला तो जिना. आठवीत इंग्रजीचे सर एक उतारा वरच्या मजल्यावर भिंतीला चिकटवायचे. जोडीतल्या एकाने पळत जायचं, मावेल तेवढं डोक्यात घ्यायचं आणि खाली येऊन सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. कागद काढायचा नाही, वरून ओरडायचं नाही. धावतं श्रुतलेखन!

मी पळणारा. जाडजूड शब्द मी शाबूत आणायचो, ‘अनफॉर्च्युनेटली’सुद्धा स्पेलिंगसकट. पण उतारा ताडून पाहिला की ‘द’ आणि ‘अ’ गायब. सरांनी एकदा सुटलेल्या जागी लाल गोल काढले. एका उताऱ्यात ११! “जिन्यात सांडलास की काय रे?” मग फळ्यावर त्यांनी ‘मांजर आली’ एवढंच लिहिलं आणि विचारलं, कुठली मांजर? ओळखीची, की कुठली तरी? मराठीत हे ऐकणाऱ्यावर सोडून भागतं. इंग्रजीत बोलणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं. आर्टिकलचा धडा मला दोन वर्षं तोंडपाठ होता. कळला तो त्या मांजरीमुळे.

त्यांच्या शब्दांच्या वहीत नुसता अर्थ चालत नसे, शब्दाचे शेजारीही लिहावे लागत. पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, ‘होमवर्क’ला ‘डू’, ‘मिस्टेक’ला ‘मेक’. आपण अभ्यासही करतो आणि चूकही करतो, त्यामुळे मी कित्येक दिवस ‘डिड अ मिस्टेक’ लिहीत होतो. म्हणजे चुकीबद्दल लिहितानाही चूक.

‘डेट’ म्हणजे कर्ज. त्यातल्या मुक्या ‘बी’चा मला भारी राग. तो मुळात नव्हताच, शब्दाचं लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी मागाहून घुसवला, असं सरांनी सांगितलं. राग गेला नाही, पण स्पेलिंग पुन्हा चुकलं नाही.

पाळीपाळीने मोठ्याने वाचणं मात्र मला कधीच आवडलं नाही. आपली ओळ कुठली येणार हे मोजण्यात गोष्टच निसटायची. सरांना हे सांगायचं राहून गेलं.

खाली बसून लिहिणारा माझा जोडीदार अजून संपर्कात आहे. परवा त्याने नोकरीचा अर्ज नजरेखालून घालायला पाठवला. तीन ‘द’ सुटले होते. लाल गोल करून परत पाठवला, तर उत्तर आलं, “तू सांगितलेच नाहीस!”