आमची वाटचाल : मखरांपासून इमारतींच्या मॉडेलपर्यंत

गणपतीच्या आधी दोन महिने आमच्या ठाण्याच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. बाबा थर्माकोलची मखरं करायचे. मूर्तीची उंची विचारायची आणि नजरेच्या अंदाजाने कमान कापायची, हीच त्यांची पद्धत. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि घरचं काम बंद पडलं. कटर हातात बसलेला होता, म्हणून मी वागळे इस्टेटमध्ये छोटा गाळा भाड्याने घेतला आणि इमारतींची मॉडेलं करू लागलो.

इथे अंदाज चालत नाही, हे पहिल्याच मोठ्या कामात कळलं. वरचे मजले मी केले, खालचे पार्किंगचे मजले मदतनिसाने. माझ्याकडचा नकाशा फूट-इंचांतला होता, एका फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्याकडचा मीटरमधला, १:१००. दोन्ही एकच समजून आम्ही कापत गेलो. पण एका फुटात ९६ सूत असतात, म्हणजे माझं प्रमाण १:९६! प्रत्यक्षातली ४८ मीटरची भिंत माझ्याकडे ५०० मिलिमीटर झाली, त्याच्याकडे ४८०. रात्री अकराला वरचा भाग खालच्यावर ठेवला, तर दोन सेंटिमीटर बाहेर लटकत होता. सकाळी ग्राहक येणार होते. मी सगळे मजले रात्रीतून पुन्हा कापले.

तेव्हापासून शीटला कटर लावण्याआधी प्रत्येक नकाशावर लाल पेनाने प्रमाण लिहायचं आणि एक भिंत त्रैराशिकाने ताडून बघायची, हा आमच्याकडचा नियम आहे.

दर ठरवतानाही सुरुवातीला फटका बसला. ग्राहक म्हणायचे, "१:२०० ऐवजी १:१०० करा, दुप्पट पैसे घ्या." मी हो म्हणायचो. लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट. शीट मात्र चौपट लागते! आता ते आधीच कागदावर काढून दाखवतो. रेलिंगचंही तसंच. ५० मिलिमीटरचा पाइप १:२०० मध्ये पाव मिलिमीटरचा होतो, हात लागताच तुटतो. तो आम्ही जाडच करतो आणि तसं सांगतो. माझ्या मते हाच प्रामाणिकपणा.

बाबा आता गाळ्यावर येतात. १:१०० मध्ये साडेपाच फुटांचा माणूस १७ मिलिमीटरचा, २१०० मिलिमीटरचं दार २१ चं. ती माणसं बाबाच रंगवतात, आणि चिकटवण्याआधी प्रत्येकाला चिमट्याने दारातून आत नेऊन बघतात.