सीपॅपच्या टाकीतले पाणी

गेल्या वर्षी मार्च महिन्यात माझी स्लीप स्टडी झाली. झोपेत ताशी सरासरी 38 वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो, असे अहवालात आले. ताशी 30 च्या पुढचा आकडा तीव्र स्लीप ॲप्नियात मोडतो, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले आणि माझ्या पत्नीने, जिने गेली दहा वर्षे ते घोरणे आणि मधली भयाण शांतता ऐकली आहे, तितक्याच शांतपणे मान डोलावली. आठवड्याभरात सीपॅप यंत्र, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाखाली हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, घरी आले. ते बसवायला आलेल्या मुलाने मास्कचे पट्टे कसे ओढायचे ते दाखवले आणि दारात चप्पल घालता घालता सांगितले, "काका, टाकीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं हं." मी 31 वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, तेव्हा ह्यात अवघड ते काय, असे मला वाटले. प्रत्यक्षात ह्या एका वाक्याचा उलगडा व्हायला मला सहा महिने लागले.

यंत्राला पाणी लागतेच कशाला, हे आधी सांगायला हवे. नाक हे हवा गरम आणि दमट करण्याचेच इंद्रिय आहे. परंतु रात्रभर दाबाखाली वारा आत येत असेल आणि उघड्या तोंडातून तो निसटत असेल, तर नाकातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, बाहेर पडणाऱ्या श्वासातला ओलावा नाकाला परत मिळत नाही, अस्तर कोरडे पडून सुजते आणि नाक चोंदते. म्हणून यंत्राच्या बाजूला साधारण पावणेचारशे मिलिलीटरची एक टाकी असते, तिच्या बुडाशी तापणारी पट्टी असते आणि हवा त्या कोमट पाण्याच्या पृष्ठभागावरून जाताना वाफ उचलून घेते. (गंमत म्हणजे यंत्राचा दाबही पाण्यातच मोजतात, माझा 11 सेंटिमीटर, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरेल इतका.)

दुकानातून आणलेला पहिला कॅन संपला तेव्हा आळसाने मी स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी वापरले. आमचे घर वाघोलीकडे आहे. खडकवासल्याचे मऊ पाणी पिऊन वाढलेल्या पुणेकराला इथल्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याची सवय व्हायला वेळ लागतो. साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कॉइलवर क्षार बसतात. तीन आठवड्यांत टाकीच्या बुडाशी पांढरा खरखरीत थर धरला. मग पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर बुडवून पाहिले, तर आकडा 640 आला, म्हणजे लिटरला 640 मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत स्वीकारार्ह मानले जाते. रात्रीत अडीचशे मिलिलीटर पाणी उडून जाते असे धरले, तर मागे सुमारे 160 मिलिग्रॅम क्षार राहतात आणि महिन्याला ते पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चमचाभर भरतात. बायकार्बोनेट तापून कार्बोनेट बनताना त्यातले काही वजन कमी होते, हे माझे विद्यार्थी लगेच सांगतील. पण हिशेबाचा अंदाज चुकत नाही.

तो थर पाहून घरच्यांची पहिली शंका अशी होती की हे सगळे माझ्या फुप्फुसात गेले असणार. तसे होत नाही. बाष्पीभवनात पाणी वर जाते आणि क्षार खाली राहतात. टाकीत थर साचला होता हाच ते वर न गेल्याचा पुरावा. खोलीत ठेवायचे अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर पाण्याचे बारीक तुषार उडवतात, त्या तुषारांबरोबर क्षारही उडतात आणि फर्निचरवर पांढरी भुकटी बसते. सीपॅपची टाकी तुषार उडवत नाही. तेव्हा पाण्यातले क्षार हा प्रश्न यंत्राच्या प्रकृतीचा आहे, आपल्या नव्हे: पट्टीची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, टाकीचे प्लॅस्टिक गढूळते आणि त्या खरखरीत थराला धरून जंतूंना बस्तान बसवायला जागा मिळते. आपल्या प्रकृतीचा प्रश्न जंतूंचा आहे आणि तो वेगळाच आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो, असे माझे मत झाले आहे.

ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे बॅटरीचे पाणी. औषधांच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मागितले, तर इंजेक्शनसाठीच्या दहा मिलिलीटरच्या कुप्या पुढे आल्या. पाच लिटर हवे म्हटल्यावर दुकानदाराने मला कोपऱ्यावरच्या इन्व्हर्टरवाल्याकडे पाठवले. त्याच्याकडचा कॅन स्वस्त होता आणि त्यावर डिस्टिल्ड असे ठळक छापलेही होते. परंतु बॅटरीसाठीचे पाणी पुष्कळदा ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करून, तयार केलेले नसते, क्षारांचे आयन धरून ठेवणाऱ्या आयन-विनिमय राळेतून गाळून क्षार काढलेले असते, आणि बॅटरीच्या दृष्टीने तेवढे पुरेसेही आहे, कारण तिला क्लोराइडचे आणि लोहाचे वावडे असते, जंतूंचे नसते. त्या राळेने पाण्यातले आयन निघतात, जीवाणू निघत नाहीत; उलट राळेतच ते वाढू शकतात. माझ्या मीटरने त्या पाण्याचा आकडा 2 दाखवला. यंत्राच्या बाजूने ह्याहून चांगले पाणी नाही आणि माझ्या बाजूने त्याची काहीच हमी नाही. तो कॅन अखेर इन्व्हर्टरच्याच कामी आला.

उकळलेल्या पाण्याचे नेमके उलटे आहे. जंतू मरतात, क्षार मात्र तसेच राहतात. थोडे पाणी उडाल्याने ते जरा दाटच होतात, फक्त तात्पुरत्या कठीणपणाचा, म्हणजे बायकार्बोनेटांचा, भाग भांड्याच्या बुडाशी बसतो. बाटलीबंद पाणी पिण्यासाठी सुरक्षित असते, पण ते क्षारमुक्त नव्हे. काही कंपन्या तर चवीसाठी क्षार मुद्दाम घालतात. आमच्या घरच्या आरओचे पाणी 60 च्या आसपास असते, म्हणजे महिन्याला अर्धा ग्रॅमही क्षार नाहीत. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी एका शेजाऱ्यांनी सुचवले होते. ते ज्या धूळभरल्या कॉइलवरून ओघळते ती मी साफ करताना पाहिली आहे. ह्याहून अधिक लिहीत नाही.

मधल्या काळात मी घरी ऊर्ध्वपातनही करून पाहिले. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात तिवईवर वाटी आणि वर उलटे झाकण ठेवून त्यावर बर्फ, अशी सोय होती. पहिल्या वाटीला मागच्या दिवशीच्या आमटीचा सूक्ष्म गंध होता. शिवाय गणित परवडत नाही: चार लिटर पाण्याची वाफ करायला जवळपास तीन युनिट ऊर्जा लागते आणि घरच्या पातेल्यात ती वाचवण्याचा मार्ग नाही. पत्नीने दोनच दिवसांत शेगडी परत ताब्यात घेतली.

आता मी प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानातून वाफेने ऊर्ध्वपातित केलेल्या पाण्याचा कॅन आणतो. उघडल्यावर तोही निर्जंतुक राहत नाही, म्हणून झाकण घट्ट लावून तो सावलीत ठेवतो आणि लवकर संपवतो. कॅन संपला आणि दुकान बंद असले, तर आरओचे पाणी उकळून गार करून घालतो. कोणतेही पाणी असो, सकाळी उरलेले ओतून टाकतो, टाकी धुतो आणि उघडी वाळवतो. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक ह्यानेच पडला. काल रात्रीच्या कोमट पाण्यात आजचे पाणी ओतत राहिले, तर मूळ पाणी कितीही शुद्ध असले तरी आठवड्यात टाकीला बुळबुळीतपणा येतो. साचलेला थर एक भाग पांढऱ्या व्हिनेगरात नऊ भाग पाणी घालून त्यात भिजवल्यावर निघाला. बुडबुडे येताना पाहून मला फळ्याची आठवण झाली.

मी जलनेतीही करतो, त्यामुळे एक वेगळा खुलासा आवश्यक आहे. नेतीत पाणी स्वतः नाकात शिरते, वाफ नव्हे. नळाच्या पाण्यातला नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा त्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचून 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोघे दगावले होते. म्हणून नेतीसाठी मी उकळून गार केलेलेच पाणी वापरतो. टाकी भरलेली असताना यंत्र तिरके केले तर तिच्यातले पाणीही नळीत उतरू शकते, तेव्हा तिथेही नळाचे कच्चे पाणी मी आता घालत नाही.

जुलैत रत्नागिरीला मेहुण्याकडे आठ दिवस राहिलो. टाकी रिकामी करून यंत्र नेले होते आणि तिथे उकळलेले विहिरीचे पाणी घातले. दुसऱ्या रात्री नळीतून गुडगुड आवाज येऊन गार पाण्याचे थेंब ओठांवर पडले, कारण त्या पावसाळी हवेत ओलावा आधीच भरपूर होता आणि माझ्या यंत्राची ओलाव्याची पातळी अजून वाघोलीच्या उन्हाळ्यावर लावलेली होती. ती 5 वरून 1 वर आणली आणि उरलेले दिवस टाकीतले पाणी जेमतेम बोटभर कमी होत असे.